‘हो’ नेमके कशाला?

सोमवारी करोल बागेत बाजार बंद असतो. एरवी अजमल खान रोडवर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी माणूस निवांत चालू शकतो. ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे जायला म्हणूनच मी सोमवार निवडला होता. घर मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याजवळचे. व्यवसाय गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून गलाई कारागीर देशभरच्या सराफ पेठांत गेले आणि तिथेच स्थिरावले. त्यांच्यापैकीच हे एक घर.

चहा झाला, गावाकडच्या गप्पा निघाल्या. मी सहज विचारले, “आजींची तब्येत कशी आहे?” तशी वहिनींनी एकदा यजमानांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आता बरी आहे, ताई. पण मध्ये आमच्या एका ‘हो’ने चांगलाच घोळ घातला होता.”

झाले होते ते असे. आजी गावी, धाकट्या मुलाकडे. त्यांना हृदयाचा त्रास. रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घ्यावी लागते आणि औषधोपचार दिल्लीच्या डॉक्टरांचा. एकदा दात काढायची वेळ आली. धाकट्या जाऊबाईंनी घरच्या मोबाइल ग्रुपवर लिहिले, “दात काढायच्या आधी आईंची रक्ताची गोळी बंद करायची का? डॉक्टरांना विचारून सांगा.” त्यामागून कोणी देवाचे चित्र टाकले, कोणी नातवाच्या बक्षीस समारंभाचे फोटो टाकले. मग पुण्याच्या पुतण्याने विचारले, “दिवाळीला सगळे गावी जमायचे ना?” भाऊ त्या वेळी दुकानात भट्टीपाशी होते. त्यांनी घाईत फोन उघडला, शेवटचा प्रश्न वाचला आणि लिहिले, “हो.”

गावी तो ‘हो’ गोळीचा समजला गेला. दिल्लीला गोळीचा प्रश्न कोणी पाहिलाच नव्हता. तीन दिवस गोळी बंद राहिली. चौथ्या दिवशी वहिनींनी दुसऱ्याच कामासाठी फोन केला, बोलता बोलता औषधांची चौकशी केली आणि सारा प्रकार उघडकीला आला. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. पण अशी गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करणे किती धोक्याचे असते, हे ज्यांच्या घरी हृदयरोगी आहे त्यांना सांगायला नको.

“चूक कोणाची म्हणायची, सांगा,” भाऊ म्हणाले. “मी हो म्हटले ते दिवाळीला. तिने वाचले ते गोळीला. आणि दोघांच्या फोनवर अक्षरे तीच!”

अक्षरे तीच होती, हे खरेच. फसवले ते अक्षरांच्या मांडणीने. वाचकहो, आज जवळजवळ प्रत्येक घरात अशी एक चावडी मोबाइलवर भरलेली असते. तिच्यावर आपण काय लिहितो याचा विचार आपण करतो. पण लिहिलेले समोरच्याच्या पडद्यावर कुठे, कशाच्या खाली आणि कोणत्या आकारात जाऊन बसते, याचा विचार सहसा होत नाही. निरोपाचा अर्थ मात्र निम्मा तिथेच ठरतो.

पत्राला होती ती रीत

जुन्या पत्राची मांडणी आठवून पाहा. उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. मग मायना, ‘वि. वि.’, मजकूर आणि शेवटी ‘कळावे’. उत्तर लिहिणारा आधी लिही, “आपले १२ तारखेचे पत्र पोचले. आपण विचारले होते की…” आणि मग उत्तर देई. आज हे वाक्य आपल्याला निव्वळ औपचारिक वाटते. पण उत्तराला त्याच्या प्रश्नाशी बांधून ठेवण्याचे मोठे काम ते करीत असे. दोन पत्रांमध्ये आठ-पंधरा दिवस जात. तरीही ‘हो’ कशाला, हा संभ्रम पडत नसे.

समोरासमोरच्या बोलण्यातही ही गाठ असते. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली संभाषणावरचा एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. माणसे पाळीपाळीने कशी बोलतात, एकाचे संपता संपता दुसरा कसे सुरू करतो, हे त्यांनी बारकाईने दाखवले. प्रश्नामागून उत्तर, नमस्कारामागून नमस्कार अशा जोड्या आपल्या बोलण्यात लगोलग येतात. उत्तर कशाचे आहे ते आपण त्याच्या जागेवरूनच ओळखतो.

संगणकावरच्या गप्पांत नेमकी हीच जागा हलते. सुसान हेरिंग या भाषाभ्यासक बाईंनी १९९९ साली त्याविषयी लिहिले. अनेक जण एकाच वेळी टंकत असतात. ज्याचा मजकूर आधी पोचेल तो वर आणि मागून येईल तो खाली. त्यामुळे प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये परके बोलणे येऊन बसते. करोल बागेतल्या त्या घरात देवाचे चित्र आणि बक्षिसाचे फोटो असेच मध्ये येऊन बसले होते.

फुगा आला कुठून?

मोबाइलवरचा पहिला लेखी संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून एका फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. आपल्याकडे मोबाइल आला तो ३१ जुलै १९९५ रोजी. त्या दिवशी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. पुढे एसएमएसची सवय लागली. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावत, देवनागरीत मात्र ७०. त्या वेळच्या फोनमध्ये आलेले संदेश एका यादीत आणि गेलेले दुसऱ्या यादीत असत. एक संदेश उघडावा, वाचावा, बंद करावा. आपण आधी काय विचारले होते, ते स्वतःच लक्षात ठेवावे लागे.

संगणकावर याआधीच एक वेगळी पद्धत होती. फिनलंडच्या यार्क्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली सुरू केलेल्या आयआरसी या गप्पांच्या व्यवस्थेत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव येई आणि ओळी नाटकाच्या संहितेसारख्या एकाखाली एक उतरत. मग २००२ साली अ‍ॅपल कंपनीने आयचॅट आणले आणि त्यात बोलणे फुग्यांत घातले. २००७ च्या आयफोनमध्ये साधे एसएमएसही डाव्या-उजव्या फुग्यांत दिसू लागले. हे फुगे आपल्याला परके नव्हतेच. अमर चित्रकथा वाचून वाढलेल्या आणि १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ पाहणाऱ्या मराठी वाचकाला फुगा कोणाच्या तोंडून निघतो हे शिकवावे लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली निघाले आणि तीच पद्धत घरोघर पोचली. ‘माझे उजवीकडे, तुझे डावीकडे’ हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते आणि साठीच्या आजीलाही.

दोघांच्या बोलण्यात ही मांडणी फारच उत्तम चालते. नाव वाचावे लागत नाही, नुसत्या जागेवरून माणूस कळतो. अडचण येते ती घरात अकरा माणसे असली म्हणजे. माझे एकट्याचे उजवीकडे आणि उरलेले दहा जण डावीकडे, एकाच रांगेत! त्यांच्यात फरक सांगायला उरते ते फुग्याच्या माथ्यावरचे बारीक रंगीत नाव. एकाच माणसाने लागोपाठ चार निरोप टाकले तर नाव बहुधा पहिल्यावरच येते. जवळजवळच्या वस्तू एकाच गटातल्या वाटाव्यात, हा आपल्या नजरेचा स्वभाव आहे. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी १९२३ सालीच तो सविस्तर मांडला होता. म्हणूनच ज्या प्रश्नाच्या खाली ‘हो’ येतो त्याचेच ते उत्तर, असे डोळा ठरवून मोकळा होतो. मन शंका घेण्याच्या आधीच!

कचेरीच्या कामासाठी निघालेल्या अ‍ॅपमध्ये म्हणूनच वेगळी मांडणी दिसते. २०१३ साली आलेल्या स्लॅकमध्ये फुगे नाहीत. सर्वांचा मजकूर डाव्या कडेपासून सुरू होतो आणि ओळ पडद्याच्या रुंदीभर जाते. २०१७ पासून त्यात एका प्रश्नावरची चर्चा त्या प्रश्नाखालीच वेगळी चालवता येते. दहा माणसांच्या कामाला हे सोयीचे. पण मायलेकींच्या गप्पा अशा मांडणीत कोरड्या वाटतील. ज्या कामाला जी मांडणी, ती त्याला शोभते. आपली पंचाईत अशी, की आपण मायलेकींच्या गप्पांची बैठक घेतो आणि तिच्यातच दवाखाना, दुकान आणि दिवाळी चालवतो.

गफ्फार मार्केटमधली चाळिशी

करोल बाग म्हटले की गफ्फार मार्केट आलेच. अवघ्या दिल्लीचे मोबाइल इथे दुरुस्तीला येतात. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले, तर एका दुकानासमोर एक वयस्कर गृहस्थ फोनवर नवी काच बसवून घेत होते. काच बसली, तसे त्यांनी दुकानातल्या मुलाला सांगितले, “बेटा, अक्षर बडे कर दो.” मुलाने दोनदा बोट फिरवले, अक्षरे टपोरी झाली आणि गृहस्थांचा चेहरा खुलला.

चाळिशी लागलेल्या प्रत्येकाला हा आनंद समजेल. देवनागरीच्या बाबतीत तर तो जास्तच. आपल्या लिपीत वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर, उकार खाली. इंग्रजीच्याच आकारात ठेवले तर अक्षराचा गाभा लहान राहतो. ‘क्त’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ अशी जोडाक्षरे पुसट होतात. दोन ओळींमध्ये पुरेसे अंतर सोडले नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. रंगाचेही तसेच. फिकट पार्श्वभूमीवर करड्या रंगात छापलेली वेळ तरुण डोळ्यांना दिसते, उतारवयातल्या डोळ्यांना नाही. वेबवरच्या मजकुरासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे, असे म्हटले आहे. केवळ रंगावरून अर्थ सांगू नये, असेही त्यांत आहे. कारण काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही.

पण मोठ्या अक्षरांची एक किंमत मोजावी लागते. त्या गृहस्थांच्या पडद्यावर आधी आठ-नऊ निरोप दिसत होते, आता जेमतेम तीन. म्हणजे ज्यांना आधीच वाचायला त्रास होतो त्यांना आगचेमागचे सर्वांत कमी दिसते. प्रश्न वर सरकून गेलेला असतो, पडद्यावर उरतो तो नुसता ‘हो’. तरुण मुलांना वाटते, “एवढे वर लिहिले आहे, बाबांना कळत कसे नाही?” बाबांना कळते, पण त्यांच्या पडद्यावर ते ‘वर’ नसतेच.

टंच कोणत्या नगाचा?

भाऊंच्या दुकानात याच गोष्टीला पैशाचे रूप येते. सराफाकडून दागिन्यांचे फोटो येतात, इकडून प्रत्येक नगाचे वजन आणि टंच कळवायचा. बावीस कॅरटला ९१.६, अठरा कॅरटला ७५. पूर्वी भाऊ चार फोटोंखाली चार आकडे ओळीने लिहीत. पण चार-पाच फोटो एकदम आले की पुष्कळदा अ‍ॅप ते एका चौकटीत जमवते. मग पहिला कोणता, वरचा डावा की वरचा उजवा? आणि मूस भट्टीत गेली की सोने ओळखायला मागे उरत नाही.

“आता मी प्रत्येक फोटोखाली त्याचाच आकडा लिहितो,” भाऊ म्हणाले. “वेळ लागतो, पण वाद होत नाही.” मांडणीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले. ज्या वस्तूची माहिती, ती त्याच वस्तूला चिकटलेली हवी.

तारखेचेही तेच. दिल्लीत वाढलेली मराठी मुले इंग्रजी लिपीत लिहिताना ‘कल’ लिहितात, हिंदीच्या सवयीने. त्यांच्या मनात असते ‘उद्या’, गावची आजी वाचते ‘काल’. ‘आज’ लिहिलेला निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला, की तोही खोटा ठरतो. निरोपांच्या मध्ये तारखेची बारीक पट्टी असते खरी. पण तिच्याकडे लक्ष देऊन किती जण वाचतात?

एक खूण नव्हती म्हणून

काही वेळा मांडणीतल्या उणिवेची किंमत याहून फार मोठी असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातली ती निरपराध माणसे होती. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्या काळात देशाच्या अनेक भागांत मोबाइलवरून फिरत होती.

माणसे मारली ती माणसांनी, हे विसरून चालणार नाही. पण तेव्हाच्या पडद्यावर एक गोष्ट दिसत नव्हती. सख्ख्या काकांनी स्वतः पाहून लिहिलेला मजकूर आणि कुठून तरी आलेला, त्यांनी नुसता पुढे ढकललेला मजकूर, दोन्ही सारखेच दिसत. फुगा काकांचा, नाव काकांचे, म्हणून विश्वासही काकांवरचा! त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. २०१९ साली वारंवार फिरलेल्या निरोपांना दुहेरी बाण आला. एप्रिल २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. एवढासा बाण, पण ‘हे काकांचे शब्द नाहीत’ एवढे तो सांगतो. सांगितलेले ऐकायचे की नाही, ते अर्थात आपल्या हाती.

हे करून पाहा

नव्या अ‍ॅपची वाट न पाहता घरच्या घरी करता येतील, अशा या काही गोष्टी.

१. उत्तर प्रश्नाला बांधा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ही सोय २०१६ पासून आहे. ज्या निरोपाला उत्तर द्यायचे त्यावर बोट ठेवून उजवीकडे सरकवा. तो निरोप उत्तराच्या डोक्यावर छोट्या चौकटीत दिसतो. त्या चौकटीला स्पर्श केला की मूळ प्रश्नावर जाता येते. हेच ते जुन्या पत्रातले ‘आपण विचारले होते की’.

२. महत्त्वाच्या प्रश्नाला नुसते ‘हो’ किंवा नुसता अंगठा देऊ नका. “हो, दिवाळीला येतो” असे पूर्ण वाक्य लिहा. ते कुठेही जाऊन बसले तरी अर्थ बदलत नाही.

३. एका निरोपात एकच विषय. गोळी, गॅस आणि गणपतीची वर्गणी एकत्र लिहिली, तर उत्तर एकाचेच येते.

४. महत्त्वाचे आधी. लांब निरोपाचा शेवट पुष्कळदा ‘पुढे वाचा’च्या आड दडतो.

५. ‘आज’, ‘उद्या’बरोबर वार आणि तारीखही लिहा.

६. औषधे आणि पैसे यांसाठी वेगळा, लहान ग्रुप ठेवा. शुभेच्छांना तिथे मज्जाव. डॉक्टरांची यादी असलेला निरोप वर टाचून ठेवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ही सोय डिसेंबर २०२३ पासून आहे. टाचण किती दिवस राहावे तेही निवडावे लागते, म्हणून मुदत संपली की पुन्हा टाचा.

७. चुकीचा आकडा गेला तर पंधरा मिनिटांच्या आत तोच निरोप दुरुस्त करता येतो. ही सोय मे २०२३ पासूनची. पण समोरच्याने तो आधीच वाचला असेल, म्हणून दुरुस्ती केल्याचे वेगळे कळवा.

८. दोन निळ्या खुणांवर विसंबू नका. निरोप उघडला गेला एवढेच त्यांवरून कळते. तो नीट समजला असे नाही.

९. आई-वडिलांचा फोन एकदा हातात घ्या. अक्षरे मोठी करून द्या आणि त्यांच्या पडद्यावर किती निरोप दिसतात ते स्वतः पाहा. मग त्यांना लिहिताना तेवढेच गृहीत धरा.

शेवटी फोन आहेच

अ‍ॅप बनवणाऱ्यांकडूनही अपेक्षा आहेत. देवनागरीला पुरेशी मोकळी जागा द्यावी, वेळ आणि नावे ठळक असावीत, आणि अक्षरे कितीही मोठी केली तरी उत्तरासोबत प्रश्न दिसावा. पण मांडणी कितीही सुधारली, तरी कोणता निरोप जिवाचा आणि कोणता गमतीचा, हे यंत्राला कळणार नाही. ते घरातल्या माणसांनीच ठरवायचे.

करोल बागेतल्या त्या घराने ते ठरवले आहे. निघताना वहिनींनी मला फोन दाखवला. ‘आईची औषधे’ नावाचा नवा ग्रुप, माणसे चारच. धाकट्या जाऊबाईंचा त्या दिवशीचा निरोप होता, “सकाळची रक्ताची गोळी ८ वाजता दिली.” त्याच निरोपाला बांधून वहिनींनी उत्तर लिहिले होते, “सकाळची गोळी दिल्याचे वाचले. रात्रीची जेवणानंतर.”

“आणि गोळी बंद करायची किंवा बदलायची असली, तर लिहायचेच नाही,” भाऊ आतून म्हणाले. “सरळ फोन करायचा. मी भट्टीपाशी असलो तरी उचलणार.”